ना-वांधा

विश्वामित्रीपासून चार गल्ल्या आत आमची बिल्डिंग,
तीन मजले, बारा फ्लॅट, एक लिफ्ट
जी गुरुवारी बंद असते; का, ते कुणालाच ठाऊक नाही.
असोसिएशनची सेक्रेटरी मी, सलग नऊ वर्षं,
कारण युनिव्हर्सिटीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेल्या बाईला
घरी काम नसतं, असं सभेत एकमतानं ठरलं होतं.

शितोळ्यांचा एकशे दोन विकायचाय.
मुलगा कॅनडातून फोन करतो, आमच्या सकाळी, त्याच्या रात्री:
मावशी, तेवढं ना-वांधा लवकर द्या.
गुजरातीत ना-वांधा, मराठीत ना-हरकत;
दोन्ही कागद 'ना' म्हणतच दार उघडतात.

सोबत सहा पानं: खरेदीदारास कळवण्याच्या बाबी.
मेंटेनन्सची थकबाकी: निरंक.
हा शब्द मी चौतीस वर्षं लिहिला,
त्यात शून्यसुद्धा इस्त्री करून बसतं.
कोर्टकचेरी: एक, गच्चीवरच्या टॉवरची, मिटलेली.
टॉवर गेला, चार बोल्ट राहिलेत.
नियमावली जोडली आहे:
पुढच्या गॅलरीत कपडे वाळत घालू नयेत
(मीच घालते),
पाळीव प्राण्यांची नोंद सक्तीची.

मग बाब अकरा.
इमारतीत पूर्वी पुराचं पाणी शिरलं आहे काय?
पुढे हो, नाही, आणि नखाएवढा चौकोन.

त्या रात्री गुप्त्यांनी जिन्यातून टॉर्च मारला
तर सातव्या पायरीशी दोन ठिपके चमकले.
वाटलं, वर आणून ठेवलेल्या सायकलचे रिफ्लेक्टर.
मग रिफ्लेक्टरांनी पापणी मिटली.
बडोद्यात राहून मगरीचं नवल नाही,
पण आपल्या जिन्यात म्हणजे...
सकाळी पोरं आली, दोर, गोणपाट घेऊन,
आजाऱ्याला रिक्षात घालावं तशी नेली तिला.
नोंद नाही. पाळीव नव्हती.

पाणी गेलं, भिंतीवर रेघ राहिली
चहाच्या कपात राहते तशी, माझ्या खांद्याइतकी.
दिवाळीआधी सभा. विषय तीन: पार्किंगला रंग देणे.
सूचक मी, अनुमोदक शितोळे, आता कैलासवासी.
फिकट पिवळा. एकमतानं मंजूर.
इतिवृत्तात रेघ नाही. डबे आहेत, सात.

काल गुप्ते सांगून गेले, नाहीच लिहा.
भाव पडतील. तुमचाही फ्लॅट आहेच की.
आहेच. तीनशे एक.

आज तेजल पटवा आली, एकटी,
पॅथॉलॉजीत रक्ताचे नमुने तपासते,
वीस वर्षांचं कर्ज काढून.
पाणी प्याली, नियमावली शेवटपर्यंत वाचली,
कपड्यांच्या कलमाशी हसली, माझ्या गॅलरीकडे बघून.
अकरासमोरचा चौकोन अजून रिकामा होता.
बाटलीवर नाव नसलं की जसं बघत असेल
तसं तिनं माझ्याकडे बघितलं.

मी घराची किल्ली उचलली. दोघी खाली गेलो.
मीटरच्या जुन्या जागेशी खरवडलं:
पिवळा, त्याखाली जुना पांढरा,
आणि दोघांच्या मधे ती, मातकट.
तेजल रेघेला पाठ लावून उभी राहिली.
तिच्या कानापर्यंत आली.
आणि मीटर?
वर नेलेत, पुढच्याच वर्षी.
तेही लिहा, ती म्हणाली. भावाचं मी शितोळ्यांशी बोलते.

घरात फोन वाजत होता, कॅनडाचा. वाजू दिला.
हो वर खूण केली. चौकोन पुरेना,
म्हणून पान उलटून मागे लिहीत गेले,
तारीख, उंची, पायरी सातवी, रंगाचा ठराव कुणाचा,
आणि खाली, हिशेबात लिहितात तसं,
मगर: एक.